साहेबांच्या उशाशी फोन

एका जिल्ह्याच्या गावी एक सहकारी बँक होती. जुनी, पन्नासेक शाखांची. खातेदारांत निम्मे शिक्षक, निम्मे ऊस लावणारे शेतकरी. पूर्वी तिचा हिशेब लाल कापडात बांधलेल्या लेजरांमध्ये असायचा. पुढे लेजरं माळ्यावर गेली आणि सगळा हिशेब मुख्य कचेरीतल्या एका थंडगार खोलीत, दोन मोठ्या डेटाबेस सर्व्हरवर जाऊन बसला. खोलीच्या दारावर कुणीतरी लिंबू-मिरची टांगली होती. तिचा उपयोग काय असं कुणी विचारलं नाही, आणि ती काढायची हिंमतही कुणी केली नाही.

एका वर्षी ऑडिटरने शेरा मारला की सर्व्हरवर देखरेख ठेवणारी यंत्रणा बँकेकडे नाही. मग देखरेखीचं सॉफ्टवेअर घेतलं गेलं. ते बसवायला आलेल्या माणसाने पडद्यावर लांबलचक यादी उघडली. प्रोसेसर किती टक्के चालला, मेमरी किती उरली, डिस्कवर जागा किती, कोणती क्वेरी कुणाला अडवून बसली, बॅकअप झाला की फसला, चुकीचा पासवर्ड कुणी टाकला. प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन.

"यातले कुठले अलर्ट चालू करू, साहेब?"

आयटी खात्याचे साहेब म्हणाले, "सगळे."

"सगळे म्हणजे मेल फार येतील."

"येऊ देत. उद्या काही झालं, तर हा चौकोन रिकामा का ठेवला म्हणून मलाच विचारतील. सगळे चालू असले की आपल्यावर काही येत नाही."

साहेबांचं हे उत्तर लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. पुष्कळ इशारे सर्व्हरच्या काळजीने लावलेले नसतात. ते लावणाऱ्याला स्वतःची काळजी असते म्हणून लावलेले असतात.

त्या खात्यात रात्रपाळीला एक मुलगा होता. पहिली नोकरी, अंगात उत्साह. पहिल्या आठवड्यात त्याने आलेला प्रत्येक मेल उघडून वाचला. रात्री साडेअकराला बँकेचं डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब मिटवायचं काम, सुरू झालं की प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर जायचा आणि मेल यायचा. व्याजाची आकडेमोड चालली असताना प्रोसेसर पळणारच. तो तेव्हा निवांत बसला तरच घाबरायला हवं. पण सॉफ्टवेअरला व्याज ठाऊक नव्हतं, त्याला ऐंशी टक्क्यांची रेघ ठाऊक होती. आकडा एक्याऐंशीवर गेला की मेल, एकोणऐंशीवर आला की "आता ठीक आहे" असा दुसरा मेल, पुन्हा एक्याऐंशी, पुन्हा मेल. रविवारी पहाटे इंडेक्स नव्याने बांधायचं काम चाले, तेव्हा तर मेलांची रांगच लागायची. मुलाने दोन-तीनदा साहेबांना फोन केला. साहेब झोपेतून म्हणाले, "अरे, ते नेहमीचंच आहे."

नेहमीचं आहे, हे मुलाला कळलं. मग त्याने जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. इनबॉक्समध्ये एक रूल लावला: देखरेखीच्या सॉफ्टवेअरकडून आलेलं सगळं 'अलर्ट' नावाच्या फोल्डरमध्ये जावं. इनबॉक्स स्वच्छ झाला. फोल्डरपुढचा न वाचलेल्या मेलांचा आकडा वाढत राहिला. पुढे दिवसपाळीच्या दोघांनी त्याला विचारून तोच रूल आपल्याकडेही लावून घेतला. साहेबांकडेही मेल जात होते. त्यांचा रूल त्यांच्या पीएने आधीच लावून दिला होता.

अशी सगळी बँक जागी आणि सगळी बँक झोपलेली, असे काही महिने गेले.

गळीत हंगाम ऐन भरात होता. महिन्याची एक तारीख सोमवारी आली. त्या दिवशी शिक्षकांचे पगार जमा व्हायचे होते आणि साखर कारखान्याच्या ऊसबिलांची भलीमोठी फाईलही त्याच सकाळी टाकायची होती. आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी चाचणीसाठी म्हणून डेटाबेसची एक जुनी प्रत बॅकअपच्या डिस्कवर आणून ठेवली आणि घरी गेलं. डिस्क भरली. दर पंधरा मिनिटांनी घेतला जाणारा लॉगचा बॅकअप फसायला लागला.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. डेटाबेस प्रत्येक व्यवहार आधी लॉगमध्ये लिहितो, आणि त्या बँकेत होती तशी मांडणी असेल तर लॉगचा बॅकअप झाल्यावरच तिथली जुनी जागा पुन्हा वापरायला मोकळी होते. बॅकअप थांबला की जागा मोकळी होत नाही, लॉग फुगत जातो, आणि एकदा तो तुडुंब भरला की डेटाबेस नवीन एक अक्षरही लिहून घेत नाही.

सोमवारी सकाळी दहा वाजून गेल्यावर, ऊसबिलांची फाईल अर्ध्यावर असताना, बँकेच्या डेटाबेसने, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरने, लॉग भरल्याचा 9002 हा एरर दिला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. शाखांच्या काउंटरवर पगाराला आलेले गुरुजी, बाहेर ट्रॅक्टर उभे करून आलेले शेतकरी, आणि आत "सर्व्हर डाउन आहे, थांबा" म्हणणारे कॅशियर. कुणीतरी सुचवलं की लॉग ठेवायची ती मांडणीच बदलून टाकू, लगेच चालू होईल. झालंही असतं, पण पुढे बिघाड झाल्यास डेटाबेस हव्या त्या मिनिटापर्यंत परत आणण्याची सोय त्या क्षणी तुटली असती. सुदैवाने जुनी प्रत सापडली, ती काढली, लॉगचा बॅकअप घेतला, आणि दुपारी दोनच्या सुमाराला काम सुरू झालं.

मग चौकशी. 'अलर्ट' फोल्डर उघडला. शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत, तासाला चार या हिशेबाने, बॅकअप फसल्याचे दोनशेच्या वर मेल तिथे पडले होते. लॉग भरत आल्याचे वेगळे. सगळे वेळेवर आलेले, सगळे न वाचलेले, प्रोसेसरच्या हजारो मेलांच्या मध्ये.

मुलाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: यंत्रणेने सांगितलं होतं, माणसाने ऐकलं नाही.

बँकेच्या अध्यक्षांना मात्र ते पटेना. त्यांनी ईडीपीच्या बाईंना बोलावलं. बँकेत पहिला संगणक आला तेव्हा त्या विभागाला ईडीपी म्हणत, आणि तो विभाग बाईंनी चालवला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कचेरीतली जुनी माणसं त्यांना अजून बाईच म्हणत. बाई आल्या, मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि फोल्डरमधला एकेक मेल त्याला दाखवू लागल्या.

"हा आल्यावर तू काय केलंस?"

"काही नाही, बाई."

"काय करायला हवं होतं?"

"तेही काही नाही. डे-एंड होतं."

"आणि हा?"

"काही नाही."

दुपारपर्यंत हेच चाललं. जेवणाच्या सुट्टीत बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, पोराची नोटीस आठवडाभर तशीच ठेवा. तोवर एक करा. हे सगळे अलर्ट, आहेत तसे, तुमच्या मोबाइलवर पाठवायला सांगते. मेलवर नको, वाजणारे. आणि रात्री फोन उशाशी घेऊन झोपा."

साहेब हसले. म्हणाले, त्यात काय, आम्हीही रात्रपाळ्या केल्या आहेत.

पहिल्या रात्री डे-एंड सुरू झालं आणि फोन एक्याऐंशी-एकोणऐंशीचा पाढा म्हणू लागला. दुसऱ्या रात्री पुण्याच्या डीआर सेंटरकडे, म्हणजे आपत्तीसाठी ठेवलेल्या पर्यायी केंद्राकडे, जाणारी लाइन पाच मिनिटं तुटली. तुटली एकच लाइन, पण तिच्यावरून जितक्या डेटाबेसांची प्रत तिकडे जात होती तितक्यांनी स्वतंत्रपणे टाहो फोडला, आणि लाइन जोडली गेल्यावर प्रत्येकाने बरं वाटत असल्याचंही कळवलं. तिसऱ्या रात्री साहेबांच्या मंडळी म्हणाल्या, "तुम्ही आणि तुमचा तो फोन, दोघं हॉलमध्ये झोपा." चौथ्या रात्री साहेबांनी फोन सायलेंटवर टाकला.

सकाळी बाईंनी विचारलं, "रात्री काय काय आलं, साहेब?"

साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी ड्रॉवरमधून नोटिशीची प्रत काढली, तिच्यावर 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली. साहेब माणूस वाईट नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. वाईट असता तर त्याने फोन सायलेंटवर टाकल्याचं लपवलं असतं आणि ही गोष्ट इथेच अडली असती.

बाई म्हणाल्या, "इशारा म्हणजे दुसऱ्याच्या झोपेवर काढलेली हुंडी, साहेब. काढताना आपलं काही जात नाही म्हणून आपण काढत सुटतो. पण ती वटवणाऱ्याजवळ मोजकंच असतं. क्षुल्लक हुंड्यांत ते संपलं, की खरी हुंडी येते तेव्हा द्यायला काही उरत नाही."

मग त्यांनी एक घटना सांगितली, कारण बँकेतल्या मंडळींना वाटत होतं की हे संगणकाचं खूळ आहे. मी ती थोडक्यात देतो. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत तिथल्या दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म वाजले होते. इतक्या गदारोळात महत्त्वाचा कुठला हे ओळखणं माणसाच्या आवाक्यातलंच नव्हतं, आणि चौकशी करणाऱ्या सरकारी यंत्रणेनेही अलार्मांच्या मांडणीवर बोट ठेवलं. पुढे 1999 साली ब्रिटनमध्ये अलार्मांबद्दल एक मार्गदर्शिका निघाली. तिचा अंदाज असा की कारखाना सुरळीत चालू असताना एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म झेपतो. मिनिटाला एकाहून जास्त यायला लागले तर काहीतरी चुकलंय असं समजावं.

सगळे कामाला लागले. साहेब आता इतके तयार झाले होते की बाईंनाच त्यांना आवरावं लागलं. साहेबांनी फर्मान काढलं: एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक एररला गांभीर्याचा एक आकडा देतो, 17 आणि त्यावरचे तेवढे ठेवा, खालचे सगळे बंद.

"असं नका करू," बाई म्हणाल्या. "अरे बाळा, फोल्डरमध्ये 825 शोध बघू."

मुलाने शोधलं. दहा दिवसांपूर्वीचा एक मेल निघाला. त्यात म्हटलं होतं की अमुक फाईलमधला अमुक भाग वाचताना अपयश आलं, पुन्हा प्रयत्न केल्यावर वाचता आला. या एररचं गांभीर्य एसक्यूएल सर्व्हर 10 देतो, म्हणजे नुसती माहिती, कारण अखेर वाचन झालं ना! त्याची थोरली भावंडं, 823 आणि 824, यांचं गांभीर्य 24. ती आली म्हणजे वाचन फसलेलंच असतं किंवा वाचलेलं पान बिघडलेलं निघालेलं असतं. 825 त्यांच्या आधी दबक्या आवाजात बोलतो. स्टोरेज कंपनीचा माणूस बोलावला, तपासणी केली, तर एक डिस्क खरंच शेवटच्या घटका मोजत होती. ती त्याच आठवड्यात बदलली.

साहेबांचा चेहरा पाहून बाई म्हणाल्या, "चूक आकड्याची नाही. आकडा सर्व्हरने स्वतःपुरता दिलाय. आपल्या बँकेत कशाने काय अडेल, ते आपणच ठरवायचं."

ठरवायला जो वेळ लागला तो खरं तर रिकाम्या चौकोनांच्या यादीपुढे पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. बाईंनी प्रत्येक अलर्टला एकच प्रश्न लावला: हा आला तर कोण उठेल आणि पहिलं काय करेल? उत्तर मिळालं तो फोनवर वाजेल. उत्तर 'उद्या बघू' असेल तर तो सकाळच्या यादीत जाईल. 'कुणीही काही करणार नाही' असं उत्तर असेल, तर त्याला इशारा म्हणायचं कशाला? ती नोंद झाली. नोंदी टेबलमध्ये साठवा, शोधायच्या वेळी उपयोगी पडतात, पण त्यांच्यापायी माणूस उठवू नका.

डेडलॉकवर थोडा वाद झाला. दोन व्यवहार एकमेकांच्या वाटेत उभे राहिले की सर्व्हर त्यातल्या एकाचा बळी देतो, 1205 असा एरर लिहितो, आणि नीट लिहिलेला प्रोग्राम तो व्यवहार आपणच पुन्हा करतो. रात्री उठून त्यावर कुणी काय करणार? पण तोच डेडलॉक आठवड्यात शंभरदा झाला, तर सोमवारी प्रोग्राम लिहिणाऱ्याला चहाला बोलवायला हवं. म्हणून तो सकाळच्या यादीत गेला, मोजदादीसह. चुकीच्या पासवर्डचंही तेच: एखादा चुकला तर तो विसरभोळा कारकून, पण एकाच जागेवरून मिनिटाला पन्नास चुकू लागले तर फोन वाजलाच पाहिजे.

प्रोसेसरचा अलर्ट डे-एंडच्या वेळात गप्प राहील आणि एरवीही दहा मिनिटं सलग रेघ ओलांडली तरच बोलेल असं झालं. वाजायची रेघ ऐंशीची आणि शांत व्हायची सत्तरची ठेवली, त्यामुळे तो एक्याऐंशी-एकोणऐंशीचा पाढा बंद पडला. रविवारच्या कामाला आधीच सुट्टी लावून ठेवली; मात्र प्रत्येक सुट्टीला संपायची वेळ हवीच, असं बाईंनी बजावलं, कारण गप्प केलेला अलर्ट पुन्हा बोलता करायची आठवण कुणालाच राहत नाही. लाइन तुटली तर लाइनचा एकच इशारा यावा, तिच्या पलीकडच्या डेटाबेसांनी त्या वेळी बोलू नये. डिस्कचा नियम बदलायला साहेब आधी तयार नव्हते, दहा टक्के जागा उरली की कळवा हा त्यांना सोपा वाटे. पण दोन टीबीच्या डिस्कवर दहा टक्के म्हणजे 200 जीबी, महिनोन्महिने पुरतील. पन्नास जीबीच्या डिस्कवर पाचच, एका ऊसबिलात संपतील. त्यापेक्षा या वेगाने किती तासांत भरेल ते विचारावं, हे त्यांना पटलं.

यादी इतकी आटली की फोन आठवड्यातून एक-दोनदाच वाजू लागला. मुलगा खूश होता. बाई मात्र तिसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

"फोन वाजला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे का?"

"हो, बाई."

"कशावरून?"

इथे बाईंनी दुसरी घटना सांगितली. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका थकलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच डेटाबेसची डिरेक्टरी पुसून टाकली. हरकत नाही, रोजचा बॅकअप आहेच, म्हणून पाहायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसची आवृत्ती 9.6 आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम 9.2 चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. प्रोग्राम फसल्याचे मेल पाठवत होता. पण त्या मेलांवर हवी ती ओळखीची सही नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. कुणाच्याही इनबॉक्समध्ये एकही मेल आला नाही, आणि सगळे समजत होते की सगळं ठीक आहे. त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला.

"त्यांच्या शांततेत आणि तुझ्या फोल्डरमध्ये फरक काय?" बाईंनी विचारलं.

मुलाने थोडा विचार केला. म्हणाला, "आमच्याकडे मेल आले, आम्ही वाचले नाहीत. त्यांच्याकडे आलेच नाहीत."

"आणि शाखेतल्या गुरुजींना त्या फरकाचं काय?"

त्या दिवसापासून देखरेखीचं सॉफ्टवेअर रोज सकाळी आठला एक संदेश पाठवतं: मी चालू आहे, शेवटचा बॅकअप इतक्या वाजता झाला. संदेश आला तर कुणी काही करत नाही. सव्वाआठपर्यंत आला नाही, तर दुसऱ्याच एका मशीनवर बसवलेला छोटा प्रोग्राम फोन वाजवतो. आणि महिन्यातून एकदा मुलगा एक बॅकअप चाचणीच्या सर्व्हरवर उतरवून, उघडून, खात्यांची बेरीज जुळवून पाहतो. हे काम कंटाळवाणं आहे. साहेबांनी ते त्याच्या कामाच्या तासांत धरलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. बहुतेक ठिकाणी ते कुणाच्याच तासांत धरलेलं नसतं.

आता त्या बँकेत नवा अलर्ट लावायचा असला तर अर्धं पान लिहून द्यावं लागतं: कोण उठेल, पहिलं काय करेल, आणि मागणाऱ्याचं नाव. पहिला आठवडा तो अलर्ट मागणाऱ्याच्याच फोनवर वाजतो. पुढच्या वर्षी आलेल्या ऑडिटरांनी आणखी वीस अलर्टांची यादी काढली होती. त्यांच्यापुढे वीस कोरे अर्धे कागद ठेवले, तेव्हा त्यांनी दोनच भरले. ते दोन्ही अलर्ट चांगले निघाले आणि अजून चालू आहेत.

वाचकहो, तुमच्या कचेरीतल्या इनबॉक्समध्येही असा एखादा न वाचलेला फोल्डर असेल, तर आज घरी जाण्याआधी तो उघडा आणि त्यात 'बॅकअप' हा शब्द शोधा. फसल्याचे मेल सापडले तर आजच कुणाला तरी गाठा. एकही मेल सापडला नाही, तर त्याहून लवकर गाठा.